चाल ओळखीची

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चित्रांविषयी रेडिओवर बोलाल का, असं मला विचारलं गेलं तेव्हा आधी हसूच आलं. माझ्या हातात दाखवायला काही नाही आणि तुमच्यापुढे पडदा नाही. मग वाटलं, हरकत नाही. आपल्या मराठीत काही शब्द असे आहेत की नुसते उच्चारले तरी चित्र हलायला लागतं. मी फक्त शब्द सांगते. दुडुदुडु. लुटुलुटु. तरातरा. लगबगीनं. रमतगमत. खुरडत. ठुमकत.

मी कोणाचं नाव घेतलं नाही. वय सांगितलं नाही, कपडे सांगितले नाहीत, नाकडोळे सांगितले नाहीत. तरी दुडुदुडु म्हटल्यावर तुम्हाला दीड वर्षाचं मूल दिसलं. तरातरा म्हटल्यावर कुणीतरी रागावून घराबाहेर पडलं. लगबगीनं म्हटल्यावर पदर खोचलेली एखादी मावशी पाहुण्यांसाठी चहा टाकायला आत गेली. माणूस कसा आहे हे सांगताना मराठीनं चेहऱ्यापेक्षा पायांवर जास्त शब्द खर्च केले आहेत, असं मला नेहमी वाटतं. आणि बघा, पायांच्या चालीला आपण चाल म्हणतो, गाण्याच्या सुरावटीलाही चालच म्हणतो, आणि माणसाच्या वागणुकीला चालचलणूक. कविता लिहिणाऱ्या बाईला यापेक्षा आणखी काय हवं?

हे शब्दांचं काम जे लोक पेन्सिलीनं करतात, त्यांना ॲनिमेटर म्हणतात. कार्टून फिल्ममधलं पात्र भित्रं आहे की धीट, आळशी आहे की खटपटी, हे ते कसं दाखवतात? आपल्याला वाटतं, त्यात काय अवघड आहे. दुष्टाला वाकड्या भुवया, भोळ्याला मोठे डोळे, म्हाताऱ्याला चष्मा. तेही करतात ते. पण खरी मेहनत दुसरीकडेच असते.

सिनेमात सेकंदाला चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात. ॲनिमेटर पुष्कळदा एक चित्र दोन चौकटी ठेवतो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं काढावी लागतात. ना घाईत ना आळसात असलेला माणूस एक पाऊल साधारण बारा चौकटींत टाकतो, अर्ध्या सेकंदात. नव्या मुलांना शिकवताना हाच हिशेब सांगतात. तेच पाऊल आठ चौकटींत उरकलं की माणसाची बस चुकते आहे. वीस-चोवीस चौकटी घेतल्या की तो थकलेला आहे, नाहीतर कुठून तरी वाईट बातमी ऐकून परतला आहे. चेहरा तोच, कपडे तेच. आम्ही मात्रा मोजतो, ते चौकटी मोजतात.

अर्थात मात्रा मोजून कविता होत नाही, तसंच हेही आहे. पाऊल टेकल्यावर अंग थोडं खाली बसतं, एक पाय दुसऱ्याला ओलांडतो तेव्हा वर येतं. हे खालीवर होणं किती, यावर स्वभाव ठरतो. उत्साही माणूस उसळत चालतो, खिन्न माणूस सरपटल्यासारखा. शरीराचा कोणता भाग पुढे पोचतो तेही बघतात. ऐटबाज माणसाची छाती आधी पोचते, चौकस माणसाचं नाक आधी पोचतं, आणि ज्यांचं पोट आधी पोचतं असे गृहस्थ तर आपण लक्ष्मी रस्त्यावर रोज पाहतो.

माझी भाची पुण्यातच हे काम शिकली. पहिल्या वर्षी तिला काय काढायला दिलं असेल? माणूस नाही, प्राणी नाही. पिठाची अर्धी भरलेली गोणी! डिस्नेच्या स्टुडिओतला हा जुना धडा आहे. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्या दोन मुरलेल्या ॲनिमेटरांनी १९८१ साली आपल्या कलेवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यातही ती गोणी आहे. भाचीनं गिरणीतून दळून आणलेलं पीठ कापडी पिशवीत अर्ध्यापर्यंत भरलं आणि पिशवी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. वरची दोन टोकं म्हणजे हात, खालची दोन म्हणजे पाय. मधे थोडी दाबली, वरची टोकं पुढे लोंबू दिली, आणि म्हणाली, “खाला, ही आता रुसलीय बघ.” खरंच रुसली होती हो! मग टोकं मागे घेऊन मधला भाग पुढे काढला, तर तीच पिशवी फुशारकी मारू लागली. डोळे नाहीत, तोंड नाही, भुवई नाही. एकच पथ्य पाळायचं. पिशवी दाबली की ती रुंद झाली पाहिजे, ताणली की बारीक झाली पाहिजे, कारण आतलं पीठ तेवढंच आहे. हे विसरलं की पाहणाऱ्याला पीठ सांडल्यासारखं वाटतं आणि त्या वस्तूवरचा विश्वास उडतो. मनात म्हटलं, कणीक तिंबणाऱ्या बायकांना हे न शिकताच कळतं.

चेहऱ्यावाचून स्वभाव दाखवण्याचा हा खेळ आपल्याकडेही जुना आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ नावाची लहानशी फिल्म केली. काडी थोडी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. ती फिल्म आज शिल्लक नाही, पण आगकाड्याच हलवायच्या म्हटल्यावर दादासाहेबांच्या हाताशी काय होतं याची कल्पना करता येते. डोकं आहे पण चेहरा नाही, अंग आहे पण हातपाय नाहीत. होती ती फक्त हालचाल. (पुढे एका मुंबईकर चित्रकर्तीनं काड्या सोडून पेट्या घेतल्या. गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’मध्ये एक एकाकी म्हातारी आणि तिचं मांजर आहे. म्हातारीचं घर करडं, आणि ती जमवते त्या काडेपेट्यांवरच्या चित्रांचं जग रंगीत. म्हातारी एक शब्द बोलत नाही, तिचं मन रंग बोलतात. २००६ साली कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये या फिल्मला पुरस्कार मिळाले.)

पुण्यापुरतं बोलायचं तर प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथं आली आणि पुढच्याच वर्षी तिनं ‘जंबूकाका’ हे कार्टून केलं. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तेच हे प्रभातचं आवार. नाव बघा कसं, जंबूकाका! ‘काका’ म्हटल्याबरोबर पात्राचं वय, ऐसपैसपणा, जरा उपदेश करण्याची खोड, सगळं आलं. नावातच निम्मं चित्र काढून झालं.

पण एका वाक्यात सांगता येणार नाही अशी गोष्ट परदेशात याच सुमारास घडत होती. १९३३ साली डिस्नेची ‘थ्री लिटल पिग्ज’ आली. त्यातली तीन डुकरं दिसायला जवळजवळ सारखी. गोल अंग, गोल गाल, तेच नाक. तरी दोन उडाणटप्पू आणि तिसरा कष्टाळू, हे लहान मुलालाही कळतं. तोवर कार्टूनमध्ये थोराड तो दुष्ट आणि लहान तो गुणी, असा सरळ हिशेब असे. दिसायला सारखी पण वागायला वेगळी पात्रं इथं प्रथम भेटली, असं चक जोन्ससारखा पुढच्या काळातला मोठा ॲनिमेटर सांगत असे. पुढे १९३७ साली ‘स्नो व्हाइट’ आला. त्यातला डोपी हा बुटका बोलतच नाही. सातजण रांगेनं चाललेले असताना तो मागे पडतो आणि पाऊल जुळवायला मधेच एक छोटी उडी मारून पाय बदलतो. फ्रँक थॉमसनं ती गंमत एका प्रसंगापुरती घातली होती. वॉल्ट डिस्नेला ती इतकी आवडली की डोपी जिथं जिथं चालेल तिथं ती हवी, असं ठरलं, आणि बाकीच्या ॲनिमेटरांनी थॉमसच्या नावानं बोटं मोडली. पण त्या अडखळत्या पावलात डोपीचा सगळा स्वभाव आहे. सगळ्यांबरोबर राहायचं आहे, जमत मात्र नाही.

‘स्नो व्हाइट’वर काम केलेला क्लेअर वीक्स नावाचा कलावंत १९५६ साली मुंबईत आला. त्याचा जन्म भारतातला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. त्यानं फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आपल्या मुलांना शिकवलं, आणि १९५७ साली जातककथेवरची ‘द बनियन डियर’ तयार झाली. तिच्यातल्या रेषांवर अजिंठ्याची छाया आहे.

त्याच फिल्म्स डिव्हिजनची एक फिल्म माझ्या पिढीतल्या प्रत्येकानं दूरदर्शनवर पाहिली आहे. १९७४ सालची ‘एक अनेक और एकता’. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची, संगीत प्रभातमध्येच घडलेल्या वसंत देसाईंचं. पारध्याचं जाळं घेऊन उडालेल्या पाखरांची ती गोष्ट. त्यातली पाखरं एकमेकांसारखी का काढली, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. एखादी भित्री, एखादी भांडखोर अशी काढता आली असती. पण तिथं थवा हेच पात्र आहे. एकेकीला स्वभाव दिला असता तर थवा विस्कटला असता. म्हणजे स्वभाव कुठे द्यायचा नाही, हेही ठरवावं लागतं.

आता आकाराविषयी थोडं. गोल आकार मऊ वाटतो, चौकोन ठाम, त्रिकोण टोचरा. २००९ सालच्या ‘अप’ या फिल्ममध्ये हट्टी म्हातारा डोक्यापासून बुटापर्यंत चौकोनी आहे, आणि त्याची बायको गोल. फोटोंच्या चौकटीसुद्धा तशाच. आपल्याकडचा ‘हनुमान’ २००५ साली आला, व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांनी दिग्दर्शित केलेला. त्यातला बाल हनुमान मोठ्या डोक्याचा, फुगऱ्या गालांचा, आखूड हातापायांचा. बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, म्हणून असं काही दिसलं की आपला जीव विरघळतो. मुलं त्या बाळावर खूश झाली. मोठा झालेला हनुमान मात्र मला कॅलेंडरवरून उतरलेला वाटला. तो बलवान होता, पण खोडकर उरला नव्हता.

आकृती जमली की नाही हे बघायची एक परीक्षा आहे. पात्र पूर्ण काळं करून टाकायचं. नुसत्या सावलीवरून ओळखू आलं पाहिजे. कमरेवर हात ठेवलेला विठोबा ओळखू येतो, शेपटी उंचावलेला मारुती ओळखू येतो, काठी फिरवणारा चॅप्लिन ओळखू येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. त्यांच्या चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे धरतात आणि प्रेक्षकांना पडद्यावरची सावलीच दिसते. रागावलेली सावली आणि घाबरलेली सावली, फरक फक्त धरणाऱ्याच्या मनगटाचा. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मला आनंद झाला तो यासाठी. त्याच परंपरेतली चित्रकथीची चित्रं आपल्या शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. ती हलत नाहीत. कथेकरी एकामागून एक चित्र पुढे करून गाऊ लागला की ती हलत असणार.

आणि बाहुल्याच म्हटल्या तर तात्या विंचूला कसं विसरायचं? १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला. बाहुला रामदास पाध्ये यांचा. लाकडासारखा एकच चेहरा. पण तो एकदम मान वळवतो आणि थांबतो. भीती वळण्यात नाही, थांबण्यात आहे. गाण्यातही सम येण्याआधीची जागा रिकामी असते ना, तसं.

माझं लहानपण नाना पेठेत गेलं. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात, ज्ञानोबांची भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात. त्या दिवशी आम्ही भावंडं गॅलरी सोडत नसू. खाली हजारो माणसं. सगळ्यांचं धोतर पांढरं, सदरा पांढरा, टोपी पांढरी. वरून चेहरे दिसत नाहीत. आमचा खेळ असा, की एक माणूस निवडायचा आणि वळणापर्यंत नजरेतून सुटू द्यायचा नाही. तो ओळखायचा कशावरून? चालीवरून. एकजण टाच टेकवत नसे, फोड आला असणार. एकजण टाळ वाजवताना प्रत्येक ठोक्याला डावा खांदा उचलायचा. एक म्हातारी डोक्यावर तुळस घेऊन चालली होती, तिची मान खांबासारखी स्थिर, आणि खाली कंबर अशी हलत होती जणू दोन वेगळ्या बायका एकावर एक ठेवल्या आहेत. कपडा सांगत होता की ही सगळी वारकरी आहेत. त्यातला कोण कसा आहे, हे कपडा सांगत नव्हता.

हे मी भाचीला सांगितलं त्याला कारण होतं. तिचं शिक्षण संपल्यावर तिला एका कंपनीकडून छोटं काम मिळालं. रस्ता नीट कसा ओलांडावा, यावर चाळीस सेकंदांची फिल्म. पुण्यात याहून गरजेचा विषय नाही! तीन पात्रं ठरली होती. कॉलेजची मुलगी, भाजीची पिशवी घेतलेल्या आजी आणि एक ‘चाचा’. भाचीनं चाचा काढला तो शर्ट-पँट घातलेला, हातात डबा. कंपनीकडून उत्तर आलं, बाकी छान आहे, पण हे मुसलमान वाटत नाहीत. टोपी, दाढी, डोळ्यांत सुरमा, जमलं तर चौकड्यांची लुंगी.

ती माझ्याकडे आली. चिडली होती. मी तितकी चिडले नाही, कारण हे चित्र मी लहानपणापासून बघत आले आहे. एकात्मतेच्या भित्तिचित्रावर हात धरून उभी राहणारी ती चार मुलं आठवा. प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी आहे, आणि काढून घेतलं तर चौघंही एकच मूल. शेंडीवाला भटजी, पगडीवाला सावकार, कपाळावर आडवे पट्टे ओढलेला मद्रासी, हे सगळे त्याच कारखान्यातले. व्यंगचित्राला अशी खूण लागते, मला ठाऊक आहे. शि. द. फडणीसांनी ‘हंस’च्या मुखपृष्ठावर मुलाच्या शर्टावर मांजरं आणि मुलीच्या साडीवर उंदीर काढले, आणि कपड्यांनाच जीव आणला. पण तिथं खूण काहीतरी करते. लक्ष्मणांचा कॉमन मॅनही धोतर आणि चौकड्यांच्या कोटावर ओळखू येतो, पण आपल्या लक्षात राहतं ते त्याचं न बोलता, डोळे विस्फारून बघत राहणं.

टोपीला माझा विरोध नाही. माझा भाऊ रोज घालतो. मी तिला एवढंच म्हटलं, “तुझ्या सावलीच्या परीक्षेसारखी आणखी एक करून बघ. टोपी काढ आणि बघ, काय उरतंय.” मग आम्ही दोघी अब्बांविषयी बोलत बसलो. माझे अब्बा, तिचे नाना. ते छापखान्यात खिळे जुळवायचे. दिवसभर वाकून त्यांची पाठ तशीच राहिली होती. टोपी ते शुक्रवारी घालायचे, एरवी घडी करून शर्टाच्या खिशात. त्याच खिशात चष्मा, पेन, बसचा पास. वाकून चालताना सगळं खाली पडेल म्हणून डावा हात कायम खिशावर. आणि रस्ता ओलांडताना त्यांची एक सवय होती. एक पाऊल खाली टाकायचे, गाडी कितीही लांब असली तरी मागे घ्यायचे, मग दोन्ही बाजूंना बघून जे निघायचे ते थेट पलीकडे पोचेपर्यंत थांबायचे नाहीत. भाचीनं मला उठायला लावलं आणि खोलीत चारदा तसं चालून दाखवायला सांगितलं. ती मोबाइलवर टिपत होती. चौथ्यांदा माझी पाठ आपोआप वाकली.

कंपनीला तिनं टोपी दिली. दाढी, सुरमा आणि लुंगी दिली नाही. चाल न विचारताच दिली. ते मान्य झालं. कळवलं ते इतकंच, की चाचा ओळखीचे वाटतात.

चाळीस सेकंदांच्या त्या फिल्ममध्ये चाचा सहा सेकंद आहेत, म्हणजे बहात्तर चित्रं. त्यातली पहिली वीस चित्रं ते फुटपाथच्या कडेलाच आहेत. पाऊल खाली, पाऊल मागे, डावा हात खिशावर.